वरच्या जबड्यात दोन मिलिमीटर

कवळी सैल झाली की माणूस आधी कवळीलाच दोष देतो. मीही पावडर लावून पाहिली, पेस्ट लावून पाहिली, आतून नवा थर देऊन घेतला. चार-सहा महिने बरे जायचे आणि पुन्हा तेच. भजनात 'विठ्ठल' म्हणताना 'ठ्ठ'वर टाळूपासून प्लेट सुटायची आणि टक् असा आवाज यायचा. शेजारची बाई टाळ थांबवून बघायची. वरची पूर्ण कवळी म्हणजे अख्खा टाळू झाकलेला. आमटी कढत आहे हे घशाखाली उतरल्यावर कळतं, आणि पुरणात जायफळ पडलंय की नाही ते दुसऱ्याला विचारावं लागतं.

पायरियाने वरचे दात पन्नाशीच्या आसपास गेले. दाढा त्याआधीच काढल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाले, थोडे पैसे हातात आले, तेव्हा ठरवलं की आता स्क्रूचे पक्के दात बसवायचे. मिरजेत राहणाऱ्याला दवाखाना शोधावा लागत नाही. ओळखीतले एक तरुण दंतवैद्य आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी हिरडी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "काकू, दात बसवता येतील, पण ते धरून ठेवायला हाड हवं ना. आधी स्कॅन करू."

हा स्कॅन म्हणजे सीबीसीटी, जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे. ओपीजी हा नेहमीचा एक्स-रे म्हणजे सपाट फोटो, त्यात हाडाची उंची अंदाजाने कळते पण जाडी कळत नाही. सीबीसीटीत उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, पुढची दांडी चावून धरायची (माझ्याकडे चावायला काही नव्हतंच, म्हणून कापसाची गुंडाळी दिली), आणि यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. मग डॉक्टर संगणकावर जबड्याचे पातळ काप करत जातात आणि प्रत्येक कापावर रेघ मारून माप घेतात. माझ्या उजव्या बाजूला पहिल्या दाढेच्या जागी आकडा उमटला, २.१ मिलिमीटर. डावीकडे ५.४. पुढे सुळ्यांच्या मधल्या भागात मात्र १२ च्या आसपास होतं. नेहमीचा इम्प्लांट, म्हणजे दात धरायला हाडात बसवायचा स्क्रू, साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब असतो. उजवीकडे तो कशात बसवणार?

हाड गेलं कुठे, हे डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. दात गेला की त्याला धरून असलेल्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. रुंदीतली सर्वांत मोठी घट तर पहिल्या वर्षातच होऊन जाते. वरच्या दाढांच्या जागी आणखी एक भानगड असते. गालामागे, वरच्या जबड्याच्या हाडात सायनस म्हणजे हवेची पोकळी आहे, आणि दाढा गेल्या की ती पोकळी वर्षानुवर्षं खाली पसरत येते. म्हणजे खालून हाड झिजतं आणि वरून पोकळी उतरते. मधे उरतं ते हे दोन मिलिमीटर. त्यात वरच्या मागच्या बाजूचं हाड मुळातच भुसभुशीत.

त्याच स्कॅनमध्ये उजव्या सायनसच्या तळाशी एक पांढरा ठिपका दिसला. कधीकाळी काढलेल्या दाढेच्या मुळाचा तुकडा आत राहिला होता, आणि त्याच्याभोवतीचं अस्तर सुजलेलं होतं. मला एकाच नाकपुडीतून सर्दी का होते, याचं उत्तर इतक्या वर्षांनी दातांच्या स्कॅनने दिलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तो तुकडा दुर्बिणीने काढून घेतला. सायनस स्वच्छ झाल्याशिवाय दंतवैद्य पुढे हात लावणार नव्हते.

ते होईपर्यंत वेळ होता, म्हणून इतरांचीही मतं घेतली. मुलाचा आग्रह होता आणि माझीही खोड आहे, वहीत चार रकाने आखल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांचं म्हणणं असं: उजवीकडे सायनस लिफ्ट करायची, म्हणजे पोकळीचं अस्तर वर उचलून खाली भर घालायची, तिचं हाड होऊ द्यायचं आणि मग इम्प्लांट. ही पद्धत १९८० पासून छापील स्वरूपात आहे, नवी नाही. डावीकडे पाच मिलिमीटर असल्यामुळे तिथे खालूनच, इम्प्लांटच्या भोकातून, अस्तर थोडं वर ढकलून त्याच वेळी इम्प्लांट बसवता येईल. एकूण सहा इम्प्लांट, वर न काढता येणारा ब्रिज, म्हणजे दातांची जोडलेली सलग रांग. वेळ दीड वर्षाच्या घरात.

जाहिरात पाहून एका मोठ्या चकचकीत ठिकाणी गेले. 'हाड नसलं तरी तीन दिवसांत पक्के दात.' तिथे बेसल इम्प्लांट करतात. भुसभुशीत हाड सोडून लांब, एकसंध स्क्रू आतल्या कठीण थरापर्यंत नेऊन रुतवायचे आणि लगेच त्यांवर दात जोडायचे. मला नऊ-दहा स्क्रू सांगितले. या पद्धतीवरून दंतवैद्यांमध्येच दोन तट आहेत आणि चांगल्या हाताने केलेलं काम टिकतंही, हे मी पुढे ऐकलं. पण त्या ठिकाणी माझा स्कॅन कोणी उघडून पाहिला नाही. सायनसमधल्या तुकड्याबद्दल मी स्वतःहून सांगितलं तर समोरची मुलगी म्हणाली, "ते बघून घेऊ, मॅडम. आज बुकिंग केलंत तर वीस टक्के कमी." मी उठले.

तिसरं मत पुण्याचं. कोयना एक्स्प्रेसने गेले, मुलाकडे राहिले. तिथल्या जबड्याच्या सर्जनने स्कॅन फिरवून फिरवून बराच वेळ पाहिला आणि दोन वाटा सांगितल्या. पहिली, चार इम्प्लांटची. पुढच्या चांगल्या हाडात दोन सरळ, आणि मागचे दोन सायनसच्या पुढच्या भिंतीला समांतर तिरपे. तिरपे घातल्यामुळे सायनसला हात लावावा लागत नाही, भर घालावी लागत नाही, आणि हाडाची पकड चांगली मिळाली तर त्याच दिवशी तात्पुरते दात. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली. दुसरी वाट, उजवीकडे झायगोमॅटिक इम्प्लांट. हा ३० ते ५० मिलिमीटर लांबीचा असतो आणि जबड्यातून वर जाऊन थेट गालाच्या हाडात रुततो. त्याला बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. गरज पडली तर सगळ्यात मागे, अक्कलदाढेच्या पलीकडच्या हाडात टेरिगॉइड इम्प्लांटही घालता येतो, असंही ते म्हणाले.

त्या दवाखान्यात माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते, सोलापूरकडचे. बोलताना आवाज नाकातून, पोकळ यायचा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत करोनातून उठले आणि काळ्या बुरशीने धरलं. म्युकरमायकोसिस. जीव वाचवायला वरचा जबडा जवळजवळ सगळा काढावा लागला. त्यांनी खिशातून डबी काढली, मान वळवून तोंडातली प्लेट डबीत ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, आता मी काय बोलतो ते तुम्हाला कळणार नाही." खरंच कळेना, नुसती हवा. प्लेट परत बसवली तेव्हा पुन्हा शब्द झाले. टाळूच नसल्यामुळे तोंड आणि नाक एक झालेलं. पाणी प्यायचं तरी आधी प्लेट लागते. त्यांना दोन्ही गालांच्या हाडांत झायगोमॅटिक घालून त्यावर नवी प्लेट पक्की करायची होती. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी हा इम्प्लांट मुळात अशाच माणसांसाठी आणला, ज्यांचा जबडा कॅन्सरने किंवा अपघाताने गेला आहे. टायटॅनियम हाडाला धरून बसतं हे याच ब्रॉनेमार्कना १९५२ मध्ये सशावरच्या प्रयोगात दिसलं होतं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले.

त्या गृहस्थांशी बोलल्यावर माझ्या वहीतला झायगोमॅटिकचा रकाना मी खोडला. ज्यांना दुसरी वाटच नाही त्यांची ती वाट आहे. माझ्याकडे पुढे बारा मिलिमीटर होतं, आणि उजवीकडचं हाड तयार करता येण्यासारखं होतं.

उरलं ते तिरप्या चारांचं. ते मला पटलं होतं, आजही वाटतं की ज्याला थांबायचं नाही आणि ज्याच्या पुढच्या भागात हाड आहे त्याने ते जरूर विचारात घ्यावं. मी नाही घेतलं, त्याची दोन कारणं. चारांपैकी एक निकामी झाला तर वरचं सगळंच अडचणीत येतं, सहा असले तर डॉक्टरला हालचालीला जागा राहते. आणि पुणं. दात बसवले की काम संपत नाही, पुढची वीस वर्षं तपासणीला, साफसफाईला, एखादा स्क्रू ढिला झाला तर तो आवळायला त्याच दारात जावं लागतं. सत्तराव्या वर्षी रात्री स्क्रू ढिला झाला तर मी कोयना धरणार आहे का?

मिरज ठरलं. मग प्रश्न आला भरीचा, आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड तोच होता.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सायनसमध्ये भर घालायला सर्रास जी पांढरी दाणेदार भुकटी वापरतात ती गाई-बैलांच्या हाडांपासून केलेली असते. त्यातलं सगळं सेंद्रिय जाळून काढतात, राहतो तो नुसता खनिजांचा सांगाडा, आणि सायनसमध्ये ती वर्षानुवर्षं उत्तम टिकते. वर झाकायला कोलॅजनचा जो पडदा लावतात तो बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या कातडीचा किंवा तत्सम ऊतींचा. हे मला कोणी आपणहून सांगितलं नसतं. मी डबीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हटलं तेव्हा डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बरं झालं विचारलंत. मी खरं तर आधीच विचारायला हवं होतं."

पर्याय होते. स्वतःचं हाड, हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून काढलेलं. ते उत्तम, पण आणखी एक जखम. दात्याचं मानवी हाड, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेलं; मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिशू बँक असं हाड पुरवते. आणि कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचं, कारखान्यात तयार झालेलं. ते काही वेळा शरीरात लवकर विरतं, त्यामुळे उंची थोडी कमी राहू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी कृत्रिम निवडलं, आणि पडद्याऐवजी माझ्याच रक्तातून काढलेला पीआरएफ, म्हणजे रक्त फिरवून मिळणारा जेलीसारखा थर. आमच्या हरिपाठातल्या एक ताई म्हणाल्या, औषध म्हणून घेतलेल्याला दोष नाही. असेल. पण रोज जेवताना मला ते आठवलं असतं. ज्यांना आठवणार नाही त्यांनी बिनधास्त गाईच्या हाडाची भर घ्यावी, तिचा अनुभव बराच जुना आहे.

शस्त्रक्रियेआधी साखर, रक्तदाब आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या झाल्या. एक प्रश्न डॉक्टर प्रत्येक बाईला विचारतात: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेता का? त्या औषधांवर असताना जबड्यात काम केलं तर क्वचित जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. माझी जाऊ ते इंजेक्शन घेते, तिने दंतवैद्याला कधीच सांगितलं नव्हतं. दुसरा प्रश्न मिश्रीचा. समोर बसलेल्या एका आजीने "नाही" म्हटलं आणि डॉक्टरांनी नुसतं हसून तिच्या बोटाकडे पाहिलं.

प्रत्यक्ष काम जागेपणी झालं, हिरडीत भूल देऊन. चेहऱ्यावर हिरवं कापड, फक्त तोंड उघडं. आधी हातातून रक्ताच्या नळ्या काढल्या आणि यंत्रात गरगर फिरवल्या. वर पिवळसर जेलीसारखा थर येतो, तो दाबून पातळ पडदा करतात. मग हिरडी बाजूला करून सायनसच्या बाहेरच्या भिंतीत छोटी खिडकी पाडली. हाड कापायला पायझो वापरतात, कंपनांनी कापणारं, ते हाड कापतं पण मऊ अस्तराला सहसा फाडत नाही. दुखत काही नाही, पण आवाज कानात न येता कवटीतून येतो आणि पाण्याचा फवारा घशाकडे जातो. शोषणारी नळी धरणारी मुलगी चांगली असावी, एवढीच त्या वेळची प्रार्थना.

आतलं अस्तर एक मिलिमीटरहून पातळ. ते न फाटता उचलणं हेच सगळं कौशल्य. डॉक्टर आदल्या भेटीत समजावताना म्हणाले होते, "अंड्याच्या कवचाच्या आत असतो ना, तसा पापुद्रा." मग माझ्या माळेकडे लक्ष गेलं तसे म्हणाले, "बरं, कांद्याचा." माझं फाटलं नाही. फाटलं असतं आणि मोठं फाटलं असतं तर काम तिथेच थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करावं लागलं असतं, याची लेखी कल्पना दिलेली होती. त्याच बैठकीत पुढचे दोन आणि डावीकडचे दोन इम्प्लांट बसले आणि हिरडीखाली झाकून टाकले.

नंतरचे नियम दातांचे नव्हतेच, नाकाचे होते. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून द्यायची. स्ट्रॉने ओढायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही, झोपताना उशी उंच. आमच्या घरात या नियमांचा अर्थ एकच झाला, लाल मिरचीची फोडणी बंद. ह्यांना विसर पडला आणि एका सकाळी त्यांनी पोह्यांना मिरची परतली. मी तोंड आ वासून अंगणात पळाले. गाल टरारून सुजला होता, डोळ्याखाली निळंजांभळं उतरलं, नाकातून थोडं रक्त आलं. हे सगळं अपेक्षित होतं आणि आठवडाभरात ओसरलं.

अपेक्षित नव्हता तो कवळीचा उपास. टाके असेपर्यंत वरची कवळी लावायचीच नाही, भरीवर दाब यायला नको. पेज, मऊ भात, मुगाचं वरण, शिरा. खाण्याचं काही नाही, पण बोळक्या तोंडाने दाराशी दूधवाल्याला हिशेब सांगणं मला फार जड गेलं. शाळेत तीस वर्षं मुलांपुढे उभी राहिलेली बाई मी, पदर तोंडावर धरून बोलायला लागले. पुढे जुनी कवळी आतून कोरून, मऊ थर लावून परत दिली, पण ती नावापुरती. कोणी सल्ला विचारला तर मी हे आधी सांगते: तुमच्या पद्धतीत बिनदाताचे दिवस किती आणि कधी येतात ते विचारून घ्या, त्या काळात घरात लग्नकार्य नको.

साताठ महिन्यांनी पुन्हा स्कॅन. उजवीकडे जिथे २.१ होतं तिथे १० च्या जरा वर पांढरी उंची दिसली. तिथे दोन इम्प्लांट गेले. त्यांतला मागचा हवा तसा घट्ट बसला नाही. आवळायच्या पान्यावर ३५ चा आकडा यायला हवा होता, तो आला नाही. डॉक्टरांनी जोर केला नाही, झाकून ठेवला आणि आणखी काही महिने दिले. धरला त्याने.

मग हिरडी उघडून छोट्या टोप्या बसवणं, मापं, चावा जुळवणं, मेणातले दात लावून पाहणं. या भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त एक. मेणातले दात लावलेले असताना आरशात बघून मान डोलवू नका, मोठ्याने बोला. मी हरिपाठाचे दोन अभंग म्हणून पाहिले. 'स' शिट्टीसारखा येत होता, दातांची कड जराशी घासून घेतली. नंतर झिरकोनियात, म्हणजे पक्क्या दातांच्या कठीण सिरॅमिकमध्ये, ते महागात पडलं असतं.

सहा इम्प्लांट, भर, स्कॅन आणि वरचा ब्रिज धरून मला चार लाखांच्या आत पडलं, नाकाचा खर्च वेगळा. आरोग्य विम्याने काही दिलं नाही. अपघात सोडून दातांचं काम साधारणपणे पॉलिसीत बसत नाही. पुण्यातला झायगोमॅटिकचा अंदाज याहून बराच वर होता, जाहिरातीतला याच्या आसपास.

आता टाळू मोकळा आहे, जायफळ कळतं. ब्रिजच्या खालून रोज रात्री बारीक ब्रश आणि पाण्याची पिचकारी फिरवावी लागते, दहा मिनिटं जातात. टायटॅनियमला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजली की हाड पुन्हा झिजू शकतं, ज्या पायरियाने दात गेले त्याचाच हा भाऊबंद. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, आकार आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं. ती सहाही स्टिकरं एका कार्डावर चिकटवून मागून घेतली आहेत. उद्या डॉक्टर बदलले किंवा मीच गाव बदललं, तर नव्या डॉक्टरला कोणता पाना लागतो ते त्यावरूनच कळणार. कार्ड आधारच्या मागे ठेवलंय.

खालच्या दोन दाढा अजून माझ्या आहेत. डॉक्टर म्हणतात, थोड्या हलतात. त्या कधी काढायच्या ते दिवाळीनंतर बघू.